फायरिंग लाइनच्या मागे

टोकियो, ७ ऑगस्ट २०२१. निप्पॉन बुडोकानचं भलंमोठं सभागृह, करोनामुळे रिकामे गॅलरीचे मजलेच्या मजले, आणि मधोमध आठ मीटर बाय आठ मीटरची मॅट. तू तिच्या कडेला उभी आहेस. तुला इथे कोणी पाहू शकत नाही, तुला मात्र सगळं दिसतं.

ऑलिंपिक कराटेत पुरुषांच्या ७५ किलोवरच्या गटाची अंतिम लढत चालू आहे. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी विरुद्ध इराणचा सज्जाद गंजजादे. हमेदी ४-१ ने पुढे आहे. त्याच्या देशाने ऑलिंपिकमध्ये आजवर एकही सुवर्णपदक जिंकलेलं नाही आणि ते आता हाताशी आलं आहे. त्याचा पाय वर जातो. ही किक तू स्वतः हजारो वेळा मारली आहेस, म्हणून पाय टेकायच्या आतच तुला कळतं की ती जास्त लागली. गंजजादे कोसळतो आणि उठत नाही. त्याला स्ट्रेचरवरून नेतात. पंच आपसात बोलतात आणि हमेदीला बाद करतात. सुवर्णपदक शुद्ध हरपलेल्या माणसाला मिळतं.

तुझं लक्ष दोघांकडेही नाही. मॅटबाहेर खुर्चीवर बसणाऱ्या प्रशिक्षकाची जागा तू बघते आहेस. त्या अर्ध्या सेकंदात त्याच्या हाती काहीच नव्हतं. पुढच्या महिन्यात राज्य स्पर्धेत तुला याच खुर्चीवर बसायचं आहे.

तू बुलढाण्याची. दहा-बारा वर्षं कुमिते, म्हणजे कराटेतली लढत, खेळलीस, जिल्ह्यात जिंकलीस, विभागात जिंकलीस, राज्यावर पदकं आणलीस, राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा उतरलीस. आता गुडघाही कुरकुरतो आणि घरचेही विचारतात, पुढे काय. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये तू मुलींना शिकवतेस. पोरी ताई म्हणतात, त्यांचे पालक मॅडम म्हणतात. पांढऱ्या पट्ट्याची पोर पहिल्यांदा नीट मावाशी गेरी, ती गोल फिरवून मारायची किक, मारते तेव्हा तुला बरं वाटतं, पण ती स्पर्धेत मार खाते तेव्हा तुझेच हात वर येतात, तुझाच पाय हलतो. मागच्या वेळी तू इतकी ओरडलीस की पोरीने तुझ्याकडे वळून पाहिलं आणि त्याच क्षणी तिच्यावर गुण गेला. खेळाडू कसं व्हायचं हे तुला शिकवलं गेलं. खेळणं थांबवून दुसऱ्याला कसं खेळू द्यायचं, हे कोणी शिकवलं नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांचे अभ्यासक्रम आहेत, तिथे तू जाशीलही. त्याआधी मात्र तुला काही ठिकाणी नेऊन उभं करायचं आहे.

पहिली उडी टोकियोतच, पण १९५७ मध्ये. जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा. गिचिन फुनाकोशी, ज्यांनी ओकिनावाची ही विद्या १९२२ मध्ये टोकियोत आणून दाखवली, ते याच वर्षी एप्रिलमध्ये गेले. गुण मोजून जिंकायचं-हरायचं हा प्रकार अजून नवा आहे. मॅटवर हिरोकाझू कानाझावा आहे. वय सव्वीस, इवाते प्रांतातला, ताकुशोकु विद्यापीठात कराटे शिकलेला. काही दिवसांपूर्वी सरावात त्याचा हात मोडला आणि डॉक्टरांनी खेळू नको म्हणून सांगितलं. पण त्याची आई लांबून रेल्वेने मुलाची लढत बघायला आली होती. एक हात गेला तर दुसरा आहे, दोन पाय आहेत, असं ती म्हणाली, ही गोष्ट तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. तो खेळला आणि विजेता ठरला. पुढच्या वर्षी अंतिम लढतीत त्याच्यासमोर ताकायुकी मिकामी आला, त्याच्याबरोबर शिकलेला. दोघं एकमेकांना इतकं ओळखत होते की बराच वेळ नुसते फिरत राहिले, कोणी चाल करेना. शेवटी दोघांनाही विजेता जाहीर करावं लागलं.

१९६१ मध्ये कानाझावाला शिकवायला हवाईला पाठवलं. १९६५ मध्ये तो युरोपात गेला, ब्रिटनमध्ये राहिला, नंतर जर्मनीत शिकवलं, १९७८ मध्ये स्वतःची संघटना काढली. डिसेंबर २०१९ मध्ये तो वारला तेव्हा त्याचे विद्यार्थी जगभर पसरलेले होते. कराटे शिकणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ऐकलेली असते आणि तूही ऐकली आहेस. पण नीट बघ, आपण सांगतो ती गोष्ट मोडक्या हाताने जिंकलेल्या खेळाडूची आहे. त्यानंतरची साठ वर्षं त्याने शिकवण्यात घालवली, ती आपण एका वाक्यात आटपतो. मीही आत्ता तेच केलं. तुला जे हवं आहे ते त्या साठ वर्षांत आहे.

म्हणून आता तुला जवळच्या एका बाईकडे नेतो. तिचा खेळ तुझा नाही. त्यात कोणी कोणाला हात लावत नाही. पण खेळाडूचा राष्ट्रीय प्रशिक्षक कसा होतो, हे महाराष्ट्रात मला माहीत असलेल्यांपैकी तिच्या आयुष्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं.

राजूर घाट उतरून तू मलकापूरला येतेस आणि रात्री मुंबईच्या गाडीत बसतेस. पहाटे कल्याणला उतरतेस तेव्हा १९९० च्या दशकाची सुरुवात आहे. फलाटावर मोबाइल कोणाच्याच हातात नाही. लोकलने मुंबई गाठतेस आणि वरळीला येतेस. इथे महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. आत डोंबिवलीहून येणारी एक मुलगी आहे, मूळची कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरची, एनसीसीमुळे रायफल हातात आलेली. नाव सुमा. शिरूर हे आडनाव लग्नानंतरचं. तिच्या मागे उभे असलेले गृहस्थ संजय चक्रवर्ती, नौदलातून आलेले. मुंबईच्या नेमबाजांची एक अख्खी पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली. नेमबाज अंजली भागवतही त्यांचीच.

थांब, तूही रायफल घेऊन बघ. जाड, ताठ जाकीट अंगात घाल. ते इतकं कडक असतं की त्यात वाकताही येत नाही, आणि तेच त्याचं काम आहे: पाठीला आधार. रायफल पाच किलोच्या आसपास. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकव, हाताच्या स्नायूंवर भार नको, सगळं वजन हाडांवरून खाली जाऊ दे. गाल लाकडाला लाव. दहा मीटरवर लक्ष्य आहे आणि त्यातलं दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे बॉलपेनचं टोक कागदावर नुसतं टेकवल्यावर उमटतं तेवढं. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. आता श्वास थांबव. पुढचं वर्तुळ हलतंय ना? ते तुझ्या हृदयाच्या ठोक्याने हलतंय. दोन ठोक्यांच्या मधली जागा शोधायची आणि तिथे ट्रिगर दाबायचा, पण दाबायचा असं ठरवून दाबला तर हात हलतो. तो जवळजवळ आपोआप सुटायला हवा.

आणि मागून चक्रवर्ती काहीच बोलत नाहीत. नेमबाज फायरिंग लाइनवर असताना प्रशिक्षकाने स्पर्धेत तोंडाने काही सांगायचं नाही, हा नियमच आहे. खेळाडूला बोलायचंच असेल तर तिने रायफल ठेवून लाइनवरून मागे यायचं, दोन शब्द ऐकायचे आणि परत जायचं. तुझ्या खेळात प्रशिक्षक खुर्चीवरून ओरडू शकतो, व्हिडिओ रिव्ह्यू मागू शकतो. इथे जे सांगायचं ते कालपर्यंत सांगून झालेलं असतं. म्हणून तुला वरळीला आणलं.

या मुलींच्या घडणीत आणखी एक माणूस आहे, नाशिकचे भीष्मराज बाम. पोलिस दलात वरिष्ठ पदावरून निवृत्त झालेले आणि मग खेळाडूंच्या मनावर काम करणारे. योगातल्या एकाग्रतेच्या गोष्टी त्यांनी रेंजवर आणल्या. नेमबाजीत शरीर दिसतं, पण लढत मनात होते, हे त्या काळात इतक्या गंभीरपणे सांगणारी माणसं आपल्याकडे फार नव्हती.

वर्षं पटकन ओलांडू. २००२ मध्ये मँचेस्टरची राष्ट्रकुल स्पर्धा, दहा मीटर एअर रायफलच्या जोडी प्रकारात अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांना सुवर्ण. त्याच वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत सांघिक रौप्य, आणि त्या संघात तिसरी दीपाली देशपांडे. ती तिसरी लक्षात ठेव. मग सुमा यांना अर्जुन पुरस्कार. २००४ च्या सुरुवातीला क्वालालंपूरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, आणि इथे जरा थांबायला हवं.

चाळीस गोळ्या, पाऊण तास आणि वर अर्धा तास, एवढाच वेळ. प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त दहा. तू त्यांच्या मागे उभी राहून मोजतेस. दहा, दहा, दहा. विसाव्या गोळीनंतर कोणाच्याही मनात हिशेब सुरू होतो, आणि तो सुरू झाला की संपलं. तुझ्या लढतीत तू ५-० ने पुढे असताना जे होतं तेच. पाय जड होतात, मन पदकाच्या फोटोपर्यंत पोचलेलं असतं. त्यांचा हिशेब सुरू झाला की नाही ते तुला मागून दिसत नाही. फक्त आकडा दिसतो: ४०० पैकी ४००. जागतिक विक्रमाची बरोबरी. यापुढे पात्रता फेरीत सुधारायला जागाच नव्हती.

सहा महिन्यांनी अथेन्स. १४ ऑगस्ट २००४, मार्कोपूलोची रेंज. या ऑलिंपिकचं पहिलं सुवर्णपदक इथेच ठरणार आहे, महिलांच्या दहा मीटर एअर रायफलमध्ये. अंतिम फेरीत आठ जणी आणि त्यात सुमा शिरूर. तेव्हाच्या नियमाने पात्रता फेरीचे गुण बरोबर घेऊन यायचं, वर दहा गोळ्या मारायच्या, आणि प्रत्येक गोळी दशांशात मोजायची, कमाल १०.९. हुकूम मिळतो, आठ गोळ्या सुटतात, निवेदक प्रत्येकीचे गुण मोठ्याने सांगतो. पुन्हा हुकूम. आपला आकडा, आपलं स्थान, सगळ्या जगासमोर, दर गोळीला.

सुमा शिरूर आठव्या राहिल्या.

तू त्यांच्याकडे बघत राहशील हे मला माहीत आहे, पण शेवटच्या गोळीला जरा बाजूच्या लेनकडे बघ. रशियाची ल्युबोव गाल्किना ०.४ ने पुढे आहे, चीनची डू ली मागे. एक गोळी उरली. गाल्किना ९.७ मारते. डू ली १०.६. सुवर्ण चीनला, ५०२.० विरुद्ध ५०१.५. सुमा शिरूर याच रांगेत, काही पावलांवर उभ्या होत्या. आघाडीवर असलेल्या माणसाचं शेवटच्या क्षणी काय होतं आणि मागे असलेल्याने काय करायचं असतं, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलेलं नाही.

त्या ऑलिंपिकमध्ये तीन दिवसांनी राज्यवर्धन राठोड यांना डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळालं, आणि देशाने नेमबाजी म्हणून ते लक्षात ठेवलं. ते योग्यच. पण आठव्या जागेबद्दल आपल्याकडे बोललं जात नाही आणि माझ्या मते ती आपली मोठी चूक आहे. पदक मिळालेला माणूस काय केलं ते सांगू शकतो. आठवा आलेला माणूस पुढची वीस वर्षं शोधत राहतो की काय करायला हवं होतं. शिकवायला हे दुसरं जास्त उपयोगी.

२००६, पनवेल. सुमा शिरूर इथे लक्ष्य शूटिंग क्लब सुरू करतात. खेळणं सोडून नव्हे हं. त्या अजून भारताकडून खेळतायत आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कविता यादवबरोबर जोडीत कांस्य घेणार आहेत. म्हणजे चार-पाच वर्षं एकच बाई लाइनवरही आहे आणि लाइनमागेही. सकाळी स्वतःचा सराव आणि नंतर कोणातरी शाळकरी मुलाचं कोपर दोन बोटं आत सरकवणं. तू सध्या याच दोन जगांमध्ये आहेस, म्हणून इथे जास्त वेळ थांब. बघ, आपल्याला जमतं ते दुसऱ्याला सांगणं किती अवघड असतं. तुला तुझी किक पायात माहीत आहे, शब्दांत नाही. मूल विचारतं, ताई, पाय कधी उचलायचा, आणि तुझ्याकडे उत्तर नसतं, कारण तू तो कधी 'उचलला'च नव्हता. शिकवायला लागल्यावर खेळाडूला स्वतःचा खेळ नव्याने, तुकड्यातुकड्यांत समजून घ्यावा लागतो. काही जणांचा खेळ त्यात बिघडतो. तेवढी किंमत द्यायची तयारी असेल तरच शिकवावं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता दीपाली देशपांडे. त्याही अथेन्सला खेळल्या, ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये. त्याही प्रशिक्षक झाल्या, राष्ट्रीय संघाबरोबर राहिल्या, टोकियोच्या अपयशानंतर बाजूलाही झाल्या. टोकियो ऑलिंपिकला आपले पंधरा नेमबाज गेले आणि वैयक्तिक अंतिम फेरी गाठली ती एकट्या सौरभ चौधरीने. अशा वेळी प्रशिक्षकावर काय येतं ते तू जिल्ह्यात पाहिलं आहेस, फक्त आकड्यांचा फरक. दीपाली यांनी शिकवणं सोडलं नाही. त्यांचा एक विद्यार्थी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, मध्य रेल्वेत नोकरी करणारा. १ ऑगस्ट २०२४, फ्रान्समधलं शातोरू. तू स्वप्नील कुसाळेच्या मागे आहेस. गुडघ्यावर बसून मारून झाल्यावर तो सहावा. झोपून मारून झाल्यावर पाचवा. मग उभ्याने, जे तिन्हींत सगळ्यात कठीण, आणि तिथे तो वर चढतो. ४५१.४, कांस्य. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक. दीपाली आपल्याला आईसारख्या आहेत असं तो नंतर सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये दीपाली यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. सुमा यांना तो २०२२ साठी मिळाला होता. बुसानच्या त्या तीन जणींपैकी दोघी.

बुलढाण्याची पोर म्हणून तुला हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर मध्येच एक छोटी उडी घे. मे २०२३, शांघाय, तिरंदाजीचा विश्वचषक. कंपाउंडच्या अंतिम फेरीत नेदरलँड्सचा माइक श्लोसर, जगातला पहिल्या क्रमांकाचा, आणि त्याच्यासमोर तुझ्या गावचा प्रथमेश जावकर. १४९-१४८. प्रथमेश जिंकला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, ओजस देवतळे आणि प्रथमेश यांनी कोरियाला २३५-२३० ने हरवून सांघिक सुवर्ण घेतलं. ज्या शहरात अजून रेल्वे आलेली नाही तिथे चंद्रकांत इलग नावाचे पोलिस दलातले प्रशिक्षक पोरांना धनुष्य ओढायला शिकवत होते. त्यांच्याकडे शिकलेल्या बुलढाणा पोलिस दलाच्या मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमध्ये जागतिक पोलिस क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. तू ज्या रस्त्याने रोज क्लासला जातेस तिथून हे फार दूर घडलेलं नाही.

परत शातोरूला ये, पण चार दिवस आधी. २८ जुलै २०२४. महिलांची दहा मीटर एअर रायफल. आता नियम बदलले आहेत: पात्रता फेरीत साठ गोळ्या, प्रत्येक दशांशात मोजलेली, आणि अंतिम फेरी शून्यापासून. सुमा शिरूर भारतीय संघाच्या हाय परफॉर्मन्स प्रशिक्षक आहेत. त्यांची शिष्या रमिता जिंदल, हरियाणातल्या लाडवा गावची, ६३१.५ गुणांनी पाचवी येऊन अंतिम फेरीत पोचते. महिला रायफलमध्ये ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठलेली याआधीची भारतीय कोण, याचं उत्तर तुझ्यासमोर उभं आहे. वीस वर्षं झाली. अथेन्सच्या त्या दिवशी रमिता सात महिन्यांची होती.

दुसऱ्या दिवशी, अंतिम फेरीत, रमिता सातवी राहते.

तू हळहळतेस. मीही हळहळलो होतो. पण जरा विचार कर. आठवी आलेल्या बाईची शिष्या सातवी आली आणि त्यासाठी वीस वर्षं लागली, असं हे वाचायचं नाही. वीस वर्षं त्या दारातून कोणी गेलंच नव्हतं आणि ज्या शेवटच्या गेल्या होत्या त्यांनीच ते परत उघडलं. त्याच दिवशी पुरुषांमध्ये अर्जुन बबुता चौथा आला. चौथ्या जागेइतकी क्रूर जागा कुठलीच नाही. अशा संध्याकाळी प्रशिक्षकाला काय बोलायचं असतं ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

एक महिन्याने, ३० ऑगस्टला, त्याच रेंजवर पॅरालिंपिक. अवनी लेखरा. जयपूरची. २०१२ मध्ये अपघात झाला तेव्हा दहा वर्षांची होती, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. सुमा शिरूर तिच्या प्रशिक्षक आहेत, टोकियोच्या आधीपासून. टोकियोत, बरोबर तीन वर्षांपूर्वी, ३० ऑगस्ट २०२१ ला, तू बुडोकानमध्ये होतीस त्यानंतर तेवीस दिवसांनी, अवनीने दहा मीटर एअर रायफलमध्ये २४९.६ गुण करून सुवर्ण घेतलं होतं. पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला. त्या वर्षीच एप्रिलमध्ये संजय चक्रवर्ती करोनाने गेले होते. शिष्येच्या शिष्येचं सुवर्ण त्यांना बघायला मिळालं नाही.

या प्रकाराला 'उभ्याने' म्हणतात, पण अवनी बसूनच मारते. अर्थ एवढाच की कोपर कशावरही टेकवायचं नाही. तू कल्पना कर, तोल सावरायला पायांचा आधार नाही, सगळं धड आणि खांद्यांवर. याच वर्षाच्या सुरुवातीला तिच्यावर पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली आहे. त्यातून सावरून ती इथे आली आहे.

आता अंतिम फेरी. एकेक जण बाद होत जाते. मोना अग्रवाल, भारताचीच, कांस्य घेऊन थांबते. उरतात दोघी, अवनी आणि दक्षिण कोरियाची ली युन-री. एक गोळी बाकी. ली २४०.०, अवनी २३९.२. अवनी ०.८ ने मागे.

तू हे आधी पाहिलं आहेस. अथेन्समध्ये, बाजूच्या लेनवर.

तुझी जीभ वळवळते, ओरडावंसं वाटतं. सुमा शिरूर तुझ्या शेजारी आहेत आणि त्यांना आता काहीही करता येणार नाही. मला वाटतं प्रशिक्षक असण्याचा सगळा अर्थ इथे आहे, ज्या क्षणी आपलं काम संपलेलं असतं आणि निकाल लागायचा असतो. अवनी समोरच्या पडद्याकडे बघत नाही. लीच्या लेनकडे बघत नाही. १०.५.

ली ६.८ मारते.

२४९.७, पॅरालिंपिक विक्रम, सलग दुसरं सुवर्ण. ली २४६.८. तू उड्या मार, टाळ्या वाजव, तुला पूर्ण हक्क आहे. पण मग एकदा पलीकडेही बघ. ली युन-रीच्या मागेही कोणीतरी प्रशिक्षक उभा आहे. त्याचं काम आत्ता, या क्षणाला सुरू झालं आहे. आणि खरं सांगायचं तर तुला पुढच्या महिन्यात जास्त करून तेच काम करायचं आहे. तू ज्या पोरींना घेऊन जाशील त्यातल्या बहुतेक हरणार. पहिल्याच फेरीत हरतील, काही तर आघाडीवर असताना हरतील, बसमध्ये खिडकीला डोकं टेकून रडतील.

म्हणून तुझी शेवटची उडी मी ठरवून देतो. परत अथेन्सला जा, पण १४ ऑगस्टच्या संध्याकाळी. शेवटच्या गोळीवर सुवर्ण गमावलेल्या गाल्किनाकडे. कारण सहा दिवसांनी, २० ऑगस्टला, त्याच रेंजवर, दीपाली देशपांडे ज्या प्रकारात खेळल्या त्याच ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, गाल्किनाने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. मधले सहा दिवस नीट बघ. कोण तिच्याशी बोललं, कोण गप्प बसलं, पहिल्या दिवशी रायफल हातात दिली की काढून घेतली, सराव किती करू दिला आणि कुठे थांबवला, त्या ९.७ चा विषय कोणी काढला का आणि कधी. वही घेऊन जा. ते सगळं टिपून आण, आणि मग राज्य स्पर्धेच्या अर्जात पोरींची नावं, वजनगट आणि जन्मतारखा भर.